झिलकऱ्याची जागा

चर्चबाहेर चपलांच्या ढिगामागे शांतवन अंग चोरून बसला होता. नऊ वर्षांपूर्वी मंडळीची बाजाची पेटी विकून तो पळालेला; आत जायला तोंड कुठलं? बाबांचा आवाज ऐकायचा आणि निघायचं, एवढंच ठरलेलं.

आत त्याचे वडील, याकोबबुवा, घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राचं कीर्तन रंगवत होते. "बापा, दारी आलो रे," एवढं गाऊन ते थांबले. पुढची ओळ मागे उभं राहून साथ गाणाऱ्या झिलकऱ्याची. ती जागा शांतवनची. नऊ वर्षं बुवांनी तिथं दुसऱ्याला उभंच केलं नव्हतं.

पण गळ्याला कुठली लाज? शांतवनच्या तोंडून ओळ निसटलीच, "आत घे रे, आत घे!"

चिपळ्या पडल्या, तबला लवंडला.

"अगं बाई, बुवा पळाले!" एक आजी ओरडल्या.

"पळू द्या," तबलजी हसत म्हणाला, "कथेतही बाप आता पोराकडे पळतोच!"

अनवाणी बुवांनी चपला तुडवत, धापा टाकत पोराला कवटाळलं.

"बाबा, ती पेटी..."

"मरू दे पेटी!" त्याला आत ओढत बुवा म्हणाले, "सूर अजूनही तुझ्या काळी दोनचाच आहे. लाव, मंडळी खोळंबलीय!"