वेढ्यातली वाटी

कुठे काय मागावं हे उदयला कळत नाही, हे त्याच्या आईचं, सुमनबाईंचं, जुनंच म्हणणं. पण आज त्याने कमालच केली. पाहुणे समोर चहा पीत बसलेले असताना बायकोकडे, विद्याकडे, तिच्या माहेरची चांदीची वाटी मागितली.

पाहुणे म्हणजे त्याच्या धातूंच्या प्रयोगशाळेचे साहेब, मोरितासान. सतराव्या शतकात इंग्लंडात यादवी पेटली तेव्हा वेढ्यात सापडलेल्या गावाने नाणी कशी पाडली, ते शनिवारी प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या लोकांना करून दाखवायचं होतं. त्या गावात टांकसाळ नव्हती. घराघरांतली चांदीची ताटं गोळा केली, कात्रीने कापली, तुकड्यांवर राजाचा मुकुट ठोकला आणि शिपायांचे पगार भागवले. उदयला तसंच नाणं पाडायचं होतं, आणि त्याला चांदीही जुनी, हाताने घडवलेलीच हवी होती.

विद्याने वाटी आणून मेजावर ठेवली, पाहुण्यांकडे बघून हसली आणि जपानीत "दोझो" म्हणाली. घ्या. लेकीचं, चारुताचं, उष्टावण याच वाटीतून झालं होतं. मोरितासानांनी वाकून आभार मानले. विद्या ओट्याशी जाऊन विसळलेलेच कप पुन्हा विसळू लागली.

सुमनबाईंना बसवेना. इचिकावाच्या त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायला जागा ती किती! खिडकीशी गेल्या, परत आल्या, वाळत घातलेले मोजे उगाच चाचपले. उदय मोबाइलवर त्या नाण्याचा फोटो दाखवू लागला. वेडंवाकडं, चौकोनी. मुकुटाशेजारी ताटाच्या काठाची नक्षी अर्धीच उरलेली.

"हे ताट कुणाचं रे?"

"ते कुणाला माहीत, आई. लोकांनी राजासाठी आपणहून दिली ताटं."

"आपणहून, हे कुणी सांगितलं?"

"राजाच्या माणसांनी."

आजी काय म्हणताहेत, मोरितासानांनी विचारलं. उदयने हसून जपानीत काहीतरी सांगितलं आणि वाटीकडे हात नेला. तोवर ती सुमनबाईंनी उचलली होती. ओट्याशी जाऊन त्यांनी ती विद्याच्या ओल्या हातांत ठेवली.

"राहू द्या ना आई," विद्या हळूच म्हणाली. "मी हो म्हटलंय."

सुमनबाई वळल्या. पाहुण्यांसमोरच, आवाज न चढवता लेकाला म्हणाल्या, "दाराशी फौज बसवून मागितलंस, तर कोण नाही म्हणेल? तुझ्यापेक्षा लुटारू बरे. ते निदान मागायचं सोंग तरी करत नाहीत."