बाराच ओळी

दहिवलीच्या नाक्यावरच्या फळ्यापुढे सकाळी साडेसातलाच घोळका जमला होता. पूर्वी त्या फळ्यावर वाल्मिक सुविचार लिहायचा आणि त्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. गणपतीनंतर फळा बालवाडीच्या रुचिताकडे आला. ती त्यावर रोज एक गोष्ट लिहू लागली, बाराच ओळींची. जन्मात ज्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्यांना चटक लागली. टपरीवाल्या अब्बासचा चहा संपायच्या आत गोष्ट संपायची आणि दिवसभर डोक्यात फिरत राहायची.

सगळ्यात जास्त चटक वाल्मिकलाच. त्याच्या म्हाताऱ्या आईला, सुंदराबाईला, वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी तो रोज खड्या आवाजात वाचायचा, हातवारे करून, मध्येच थांबून लोकांना ताटकळत ठेवून. वर म्हणायचा, "पोरगी थोडक्यात मारते, पण वर्मावर मारते."

आजही त्याने घसा खाकरला. रुचिता ओढणीला हात पुसत बाजूला उभी राहिली. महिनाभर ती याच सकाळसाठी थांबली होती.

"एका माणसाने चिठ्ठी लिहिली," वाल्मिक वाचू लागला. "खाली नाव घातलं नाही. गावातल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, तिच्या होणाऱ्या सासरी ती पाठवली. लिहिलं, मुलीला फिट येतात."

"अगं बया!" सुंदराबाई म्हणाली.

"मुलीला कधी साधा ताप..." वाल्मिकचा आवाज उतरला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आज नीट दिसत नाय मला."

रुचिताचं लग्न माघात मोडलं, हे नाक्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. का मोडलं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. वैशाखात वाल्मिकने खालापूरच्या त्याच मुलाला आपली भाची दिली. मागच्या महिन्यात मुलाच्या बहिणीला राहवलं नाही आणि तिने रुचिताला चिठ्ठीचा फोटो पाठवला. पाच वर्षं सुविचारांत पाहिलेलं अक्षर रुचिताने एका नजरेत ओळखलं.

"पुढं वाच ना रं," सुंदराबाई म्हणाली.

"वाचा की भाऊ," अब्बासने टपरीतून हाक दिली. "ऐन रंगात कुठं थांबता?"

"पुसून टाकू का, काका?" रुचिताने मऊ आवाजात विचारलं. "पण का पुसायचं? कुणाचं नाव तर नाय त्यात."

आता थांबणं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. वाल्मिक वाचत गेला. मुलीला कधी साधा तापही आला नव्हता. हॉल रद्द झाला. छापलेल्या पत्रिका चुलीत गेल्या.

"दुसऱ्या दिवशी तोच माणूस मुलीच्या घरी समजूत घालायला आला. तिच्या आईचे हात धरून रडला. मग म्हणाला, चहा चालेल, पण बिनसाखरेचा."

गोष्ट तिथेच संपली. अब्बासने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. नाक्यावर बिनसाखरेचा चहा एकटा वाल्मिकच घ्यायचा. अब्बासने तो ग्लास त्याला दिला नाही, गटारात ओतला. घोळक्यातल्या माना एकेक करून वाल्मिककडे वळल्या. रुचिताचं काळीज थंड झालं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

सुंदराबाईने कडाकडा बोटं मोडली.

"मुडदा बशिवला त्या मेल्याचा! ज्या बाईनं त्याला जल्म दिला, तिनं तवाच नरड्याला नख का नाय लावलं?"

म्हातारीने लेकाची बाही ओढली.

"आजवरची सगळ्यात भारी गोष्ट हाय ही. परत वाच रं बाळा, पयल्यापासनं."