शमीपत्रचं नवं पुस्तक

अप्पांनी पुस्तक मधोमध उघडलं, नाकाशी धरलं आणि लांब श्वास घेतला.

"शमीपत्रच! हा वास दुसऱ्या कुणाला जमायचा नाही. खळ अजून ओलसर आहे बघ."

खळ ओलसर असणारच. सकाळी विनयानेच लावली होती, ती नोकरीला होती त्या वनस्पतींच्या इन्स्टिट्यूटमध्ये नमुन्याची वाळकी पानं कागदावर चिकटवायला वापरतात ती. पुस्तक ट्रंकेतलं जुनंच, वर फक्त नवा खाकी कागद.

पुण्याचं शमीपत्र प्रकाशन बंद पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली असताना ती सासऱ्यांसाठी मुद्दाम तिथवर गेली, तर शमीपत्रच्या जागी साड्यांचं दुकान. लखनऊला परत येताना गाडीतच तिने ठरवलं, अप्पांना सांगायचं नाही. नवऱ्याला, चंद्रशेखरला, तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "चालतंय तोवर चालू दे."

आणि सांगणार तरी कसं? अप्पांच्या कपाटात दुसऱ्या प्रकाशनाला थारा नव्हता. लखनऊच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवा माणूस भेटला की नाव-गाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न, "कुणाची पुस्तकं वाचता?" समोरच्याने लेखकाचं नाव घेतलं की अप्पा हताश होऊन मान हलवायचे.

"अहो, लेखक काय, आज इथे, उद्या तिथे. प्रकाशक धरावा! प्रकाशक बदलणारा वाचक आणि पक्ष बदलणारा पुढारी, दोघांनाही दारात उभं करू नये."

काचबिंदूने डोळे गेले तेव्हा त्यांनी अन्न टाकलं होतं. डॉक्टर झाले, चंद्रशेखरचे हात जोडून झाले, काही उपयोग नाही. मग विनयाने शमीपत्रची नवी कादंबरी वाचून दाखवायला घेतली, तेव्हा कुठे माणूस ताटावर आला. आता ते तोडायचं कुणी?

म्हणून रोज संध्याकाळी जुनं पुस्तक मांडीवर उघडं टाकायचं आणि मनाने गोष्ट रचत जायची. दिवसभर पानं चिकटवा, घरी येऊन कणीक भिजवा, आणि वर हे. चंद्रशेखर अमौसीला विमानतळावर शिफ्टमध्ये अडकलेला. लेक मनीषा मराठी ऐकायची, बोलायची मात्र हिंदीच. "मम्मी, आज रहने दो ना," म्हणायची. राहू दे म्हणून कसं चालेल? पण विनयाचा जीव आता विटला होता. कधी कधी तर कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही पुढचं प्रकरण डोक्यात घोळायचं, आणि शिट्ट्या चुकायच्या.

"हां, वाच," अप्पा म्हणाले. "दुसरा भाग ना हा? पहिल्यात ती घाटावर पोचली होती."

विनयाने सुरुवात केली. मधेच बत्ती गेली. पंखा घरघरत थांबला, गल्लीतून पोरांचा ओरडा आला. पण विनयाला आज सूर सापडला होता. नायिका पाण्यात एक पाय टाकून उभी होती, तिला तशी सोडून कसं चालेल? अप्पा गुडघ्यांना हातांची मिठी घालून ऐकत होते.

"मग?" एवढंच म्हणाले.

रविवारी शामराव आले. बख्शी का तालाबला एअर फोर्सच्या ऑफिसात नोकरी, आणि शमीपत्रचे असेच भक्त. ते अप्पांसमोर काही बोलून बसतील या धास्तीने विनयाने त्यांना फाटकातच गाठलं.

"वहिनी, दोन वर्षं झाली, मला शमीपत्रचं एक नवं पुस्तक मिळालेलं नाही. आणि गणपतीत अप्पांनी अख्खी नवी कादंबरी सांगितली की हो! जरा दाखवा ना."

विनयाला रडूच कोसळलं. तिने सगळं सांगून टाकलं. "पाया पडते भाऊजी, अप्पांना कळू देऊ नका. पुन्हा जेवण सोडतील."

शामराव बराच वेळ स्कूटरचा आरसा पुसत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं.

"हे वाचा. प्रकाशक दुसरा आहे, पण कादंबरी फक्कड आहे. कागद चढवला की झालं, अप्पांना काय दिसतंय? तुमचा चेहरा बघा केवढा उतरलाय."

ते आत आले, चहा घेतला, अप्पांशी तासभर गप्पा मारल्या. विनयाच्या गुपिताबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. देवमाणूस, विनयाला वाटलं.

त्या संध्याकाळी तिने नायिकेला घाईघाईने नदीपार केलं.

"इतक्यात संपला भाग?" अप्पांनी विचारलं. "पोचली ती पलीकडे?"

"पोचली."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शामरावांचं पुस्तक, त्याला खाकी कागद आणि खळ. अप्पांनी वास घेतला आणि ते परत तिच्या हातात दिलं.

विनया वाचू लागली. शब्द आयते समोर! पुढे काय, ही चिंता नाही. किती दिवसांनी डोकं असं हलकं झालं होतं. लबाडी तर लबाडी, सुटलो एकदाचे.

तिसऱ्या पानावर बत्ती गेली. पंखा घरघरत थांबला. विनयाही वाक्याच्या मधेच थांबली.

"थांबा हं अप्पा, मेणबत्ती आणते," म्हणत ती उठली, आणि तिथेच थबकली.

दोन वर्षांत तिने वाचताना मेणबत्ती कधीच आणली नव्हती.

"बस खाली," अप्पा म्हणाले. "मेणबत्ती नको आणि हे पुस्तकही नको. ती घाटावरची पोर पलीकडे पोचली म्हणालीस, ते काही मला पटलेलं नाही. ते नीट सांग. आज दमली असशील तर उद्या सांग."

"अप्पा, पण... शमीपत्र..."

"मी प्रकाशक बदललाय, सूनबाई. दोन वर्षं झाली."