आवडाबाईंचा डबा

"वैनी, त्या डब्याला हात लावू नका."

सारजावैनींचा हात डब्यात कोपरापर्यंत गेला होता. त्यांनी मूठभर पीठ वर काढलं, परातीत सोडलं आणि नणंदेकडं पाहिलं.

"पोरांची शाळा सातची हाय, वन्सं. धपाटी लावायचीत."

"दुसऱ्या कुठल्या पिठाची लावा."

सुगंधानं डबा आपल्याकडं ओढला. स्टीलच्या त्या डब्यावर नाव कोरलेलं होतं, आवडाबाई. आईला जाऊन सव्वा महिना झाला होता. तिच्या हातचं म्हणावं असं या जगात एवढंच उरलं होतं, तळाशी चार बोटं भाजणीचं पीठ. आणि ते रोज सकाळी तीन पोरांच्या पोटात जात होतं. रजा काढून नाशिकहून आल्यापासून चार दिवस सुगंधा हे बघत होती. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धणे. एकेक धान्य वेगळं भाजून आई गिरणीवर स्वतः उभी राहायची. वैनी मात्र त्यात दुधी किसत, ताक ओतत, मोंढ्याच्या बाजारातून पोतं आणल्यासारख्या मुठी भरत.

"एवढी साधी गोष्ट कळू नये तुम्हाला? हे संपलं की संपलं."

"पीठ खायासाठीच असतं," वैनी हळूच म्हणाल्या.

सुगंधानं डब्यात पाहिलं. पिठातून हिंगाच्या पुरचुंडीचं टोक वर आलं होतं. किडे पडू नयेत म्हणून टाकलेली. दर दिवाळीला नाशिकला तिच्यासाठी पिठाचा डबा यायचा, त्यातही अशीच पुरचुंडी असायची. दोरा कायम उलट्या बाजूनं गुंडाळलेला. सोडताना बोटं हटकून चुकायची आणि सुगंधाला हसू यायचं. आईचा हट्टी स्वभाव दोऱ्यातसुद्धा उतरतो, असं ती नवऱ्याला सांगायची. लग्नानंतरच्या अकरा दिवाळ्या, अकरा पुरचुंड्या. एकही तिनं फेकली नव्हती. ही बारावी. तिनं ती झटकून पर्समध्ये ठेवली.

सुगंधाचा भाऊ काकासाहेब खांद्यावर पंचा टाकून दारात आला. "सकाळी सकाळी काय लावलंय?"

"तुझ्या बायकोला विचार. शेवटी शेवटी आईला चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा, दादा. तरी सांडायचा. तसल्या हातांनी हिनं तिला कढईपुढं बसवलं. कशासाठी? तर पोरांचा नाश्ता!"

"सुगंधे, अगं ते पीठ…"

"तुम्ही आंघोळीला जा," वैनी म्हणाल्या. "पाणी निवतंय."

"बोलू द्या ना त्याला. का अडवता?"

"सासूबाईंनी सांगितलं तसं मी वागले, वन्सं. त्याच्या वर काय नाय."

"गेलेल्या माणसावर ढकलू नका."

परातीतल्या मूठभर पिठाचं वैनींनी ओल्या फडक्यावर एकच धपाटं थापलं, तव्यावर टाकलं, डाव्या हातानं उलटवलं. लग्न होऊन आल्या तेव्हा या डाव्या हातावरून आईनं त्यांना किती बोल लावले होते. सुगंधाला आज ते सगळे बोल बरोबर वाटले.

एका धपाट्याचे तीन तुकडे झाले. उरलेली भूक कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या खारीवर भागली. या घरात पोरांनी चहा-खारीवर शाळेत जायचं नाही, हा आईचा नियम होता.

"आज्जी असती तर लई वरडली असती," धाकटी साळू खारी बुडवत म्हणाली.

"कुणाला गं?" सुगंधानं विचारलं.

साळूनं आत्याकडं पाहिलं, मग आईकडं.

"चहा पी गप," वैनी म्हणाल्या.

पोरं गेली. सुगंधाचा राग काही गेला नाही. दुपारी गाडीला निघताना तिनं डबा कापडात बांधायला घेतला. वैनींनी दशम्यांची पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"उद्या काय घालणार मग पोरांना? परत खारी?"

"भाजीन की नवीन."

"तुम्ही?" सुगंधा हसली. तिला स्वतःलाच ते हसू बरं वाटलं नाही, पण ती थांबली नाही. "तिच्या हाताची चव यायला जन्म जाईल, वैनी."

"जातोच की, वन्सं."

ओट्याशी पाणी पीत उभा असलेला काकासाहेब ग्लास खाली आदळून बाहेर निघून गेला. जाताना बहिणीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. गल्लीत रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. गुलमंडीच्या गर्दीतून बसस्थानक गाठायचं म्हणजे अर्धा तास धरायलाच हवा होता.

वैनींनी डब्याचं झाकण काढून आत बघितलं. "ह्यातली हिंगाची पुरचुंडी कुठंय?"

"माझ्याकडं. ती आईची आहे. मी देणार नाही."

"राहू द्या तुमच्याकडं. पर पीठ असं नेऊ नका, उन्हाळ्याचं जाळी धरतं. दुसरी बांधून घालते."

"लवकर करा."

वैनींनी फडताळातल्या डबीतून हिंगाचा खडा घेतला. उंबऱ्यावर बसून तो जुन्या पातळाच्या चिंधीत ठेवला, चारी टोकं उचलून धरली. दोऱ्याचं एक टोक दातात पकडलं आणि न बघता, गप्पा मारताना बायका करतात तसं, डाव्या हातानं वेढे द्यायला सुरुवात केली.

सुगंधा घाईनं बघत होती. मग तिची घाई थांबली.

दोरा उलट्या बाजूनं फिरत होता, दर दिवाळीला नाशिकला यायचा तसा.