सोंडेवरचे चाळीस साग

रेंजर को फो स्वे हरला. पण ते अजून घडलेलं नाही असं धरून चालू. कारण आत्ता सकाळ आहे, त्याच्या हातात जंगल खात्याचा हातोडा आहे, आणि ब्रह्मदेशातल्या साल्वीन नदीच्या वरच्या अंगाला, कारेन लोकांच्या गावामागे, डोंगराच्या सोंडेवर चाळीस साग त्याच्यापुढे उभे आहेत.

काम सोपं होतं. हातोड्याने बुंध्यावर सरकारचा शिक्का ठोकायचा. मग कुऱ्हाडवाल्याने खोडाभोवती वीतभर रुंद पट्टा आतल्या लाकडापर्यंत सोलायचा. झाड उभ्या उभ्या मरतं, तीन वर्षांत वाळतं आणि मग नदीत तरंगतं. ओला साग दगडासारखा तळ गाठतो. इंग्रज साहेबाला तरंगणारा साग हवा होता आणि महिनाअखेर चाळीस हा आकडा हवा होता. आकडा भरला नाही तर फो स्वेची रवानगी खाडीकाठच्या दलदलीतल्या ठाण्यावर होणार होती. तिथल्या आधीच्या रेंजरला हिवतापाने नेलं होतं, आणि त्याच्या आधीच्यालाही. फो स्वेच्या घरी अकरा दिवसांची मुलगी होती.

अडचण एकच होती. प्रत्येक सागाला वेताने एक बांबूची नळी बांधलेली होती. गावात मूल जन्मलं की त्याची नाळ नळीत घालून इथल्या एखाद्या झाडाला बांधायची, आणि मग ते झाड म्हणजेच ते मूल. झाड मेलं की माणूस झुरतो, असं गाव मानत होतं. फो स्वे खालच्या भाताच्या मुलखातला, बर्मी. तो असलं काही मानत नव्हता.

"हा कोण?" पहिल्या झाडापुढे त्याने थट्टेने विचारलं.

"माझा मेहुणा," कुऱ्हाडवाला सॉ लर से म्हणाला. तो याच गावचा. "खुशाल सोला साहेब. उसना नेलेला कोयता परत करत नाही."

"आणि तो पलीकडचा?"

"तो मी. त्याला शेवटी घेऊ या का?"

मेहुण्याच्या मुळावर गावची सुईण नॉ फो वा पान चघळत बसली होती. फो स्वे दौऱ्यावर असताना त्याच्या बायकोला, मा टिनला, दिवसांआधीच कळा आल्या, तेव्हा तिला याच म्हातारीने मोकळं केलं होतं.

"आजी, उठा. मूळ सरकारी आहे."

"उठते. पोरगी दूध पिते ना नीट?"

"पिते."

"नाव ठेवलं?"

"अजून नाही."

"ठेव लवकर. नाळ पडली, झाड मिळालं. नाव तेवढं राहिलं."

फो स्वेचा हातोडा खाली आला. "कसलं झाड?"

"नळी बापानं बांधायची असते. तू दौऱ्यावर. मग मीच बांधली. तुझी बायको म्हणाली, बांधा."

"कुठे?"

म्हातारीने पिंक टाकली आणि सोंडेवरून सावकाश नजर फिरवली. "इथंच. ह्या चाळिसांत कुठंतरी."

"कुठल्या झाडाला?"

"ते नाही आठवत. सत्तरी उलटली, बाबा. काल काय जेवले ते विचार, तेही नाही सांगता यायचं."

फो स्वे हुशार होता. अकरा दिवसांतली नळी हिरवी असणार, बाकीच्या वाळलेल्या, एवढं त्याला लगेच कळलं. तो सोंड चढून गेला. टोकाला पोचला. परत आला.

चाळीसही नळ्या हिरव्यागार होत्या. वेतही ताजा होता.

"जुन्या कुजल्या होत्या," सॉ लर से म्हणाला. "परवा अख्ख्या गावाने मिळून बदलल्या. त्या गडबडीतच आजीचा घोटाळा झाला."

"तुम्ही मला मूर्ख समजता का?"

"मूर्ख नाही रे," म्हातारी म्हणाली. "बाप समजतो."

शिक्का नंतर ठोकू म्हणून फो स्वेने हातोडा कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि मेहुण्याकडे बोट केलं. "सोल."

सॉ लर सेने कुऱ्हाड उचलली. मग उचललेलीच धरून ठेवली. "एक सांगून ठेवतो साहेब. हा माझा मेहुणा, असं मघाशी मी सवयीने बोललो; परवापर्यंत छातीठोक सांगितलं असतं. नळ्या बदलल्यापासून नाही सांगणार."

"थांब."

फो स्वेने सालीवर तळवा टेकला. साल सकाळच्या गारव्याने थंड होती. मुलगी कालपासून त्याचं बोट मुठीत धरायला लागली होती. धरलं की सोडत नसे. तो हे मानत नव्हता. पण चाळिसांत एक, एवढा हिशेब न मानणाऱ्यालाही येतो.

सॉ लर सेचा हात भरून आला, म्हणून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"मी नाही केलं तर दुसरा रेंजर येईल," फो स्वे म्हणाला.

"येऊ दे," म्हातारी म्हणाली. "त्याचं लग्न झालंय का?"

ती सरकली आणि तिने त्याला मुळावर जागा करून दिली. तो बसला. पिशवीतून त्याने खात्याचा कागद काढला, गुडघ्यावर हातोडा आडवा धरून त्यावर ठेवला आणि वळणदार अक्षरात लिहायला घेतलं:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. कृतानेक विनंती अशी की, सोंडेवरील साग क्रमांक एक ते चाळीस हे अर्जदाराचे कुटुंब समजण्यात यावे, आणि अर्जदाराची बदली दलदलीच्या ठाण्यावर होईल तेव्हा सदर चाळीस झाडांचीही, मुळांसकट, अर्जदारासोबत त्याच ठाण्यावर बदली करण्याची कृपा व्हावी."