मुलचेऱ्याचे श्रोते

मुलचेऱ्याला बसमधून उतरल्यावर निकेशनं आधी लोकांच्या कानांकडं पाहिलं. कोणाच्याही कानात इअरफोन नव्हता.

फोनमधलं ॲप मात्र सांगत होतं की गेल्या महिन्यात याच तालुक्यात त्याचं गाणं एकोणीस हजार वेळा वाजलं. चंद्रपुरात बेचाळीस वेळा. पुण्यात सहा.

निकेश घुग्घुसचा. कोळसा खाणीच्या काट्यावर, ट्रक तोलण्याच्या जागी, तो कंत्राटी कामाला होता. उरलेल्या वेळात लॅपटॉपवर नाचाची गाणी बनवायचा. चार वर्षांत अकरा झाली. कोणी डीजे म्हटलं की तो समजावून सांगे, डीजे दुसऱ्याचं वाजवतो, प्रोड्यूसर स्वतः बनवतो. ऐकणारा मान हलवे आणि वरातीत वाजवायला येशील का, असं विचारे.

अकरापैकी चाललं ते एकच, 'ब्लास्टिंग'. खाणीत सुरुंग उडवण्याआधीचा सायरन, मग शांतता, मग दणका. त्याखाली मिनिटाला एकशे अडतीस ठोके. सव्वासहा मिनिटं, शब्द एकही नाही.

आकडे मोठे होते तसे विचित्रही होते. गाणं रोज सायंकाळी सातला सुरू होई आणि पहाटे पाचला थांबे. सप्टेंबरपासून आकडा चढे, डिसेंबरात शून्यावर येई. निकेशनं त्याचा अर्थ लावला होता. त्या बाजूला बंगाली गावं आहेत. दुर्गापूजा, मग कालीपूजा, मंडपात रात्ररात्र जागरण. असल्या गाण्याला रात्रभर नाचणारेच लागतात.

त्यात गुणवंतराव नावाच्या कोणाचा तरी संदेश आला. 'गाणे उत्तम काम करते. सर्व गाव आभारी आहे. एकदा यावे.'

धनराजमामानं आकडे आणि तो संदेश पाहून फोन परत दिला. "एकोणीस हजार? मशीन बिघडलं असन त्यायचं."

मामानं वर्षभर खेटे घालून सिमेंट कारखान्यात निकेशसाठी कायम ऑपरेटरची जागा मिळवली होती. तीन पाळ्यांची नोकरी. गाण्यांना त्यात जागा नव्हती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि शनिवारी दोनपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर साहेब दुसऱ्याचं नाव टाकणार होते.

"पाहून येतो," निकेश म्हणाला होता. "ऐकणारे खरे निघाले तं नोकरी नाई म्हणून सांगतो."

आज शनिवार होता.

गुणवंतराव मोटरसायकल घेऊन स्टँडवर आले. साठीचे, कमी बोलणारे. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धानाच्या लोंब्या वाकल्या होत्या. गाव आलं तसं निकेशला दिसलं की प्रत्येक पडवीत एक छोटा भोंगा चार्जिंगला लावलेला आहे. चौदापर्यंत मोजून त्यानं नाद सोडला.

अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. खुर्ची एकच होती, ती त्याच्यासाठी. गुणवंतरावांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, चहा आणला.

"आधी कोणतं गाणं लावत होते जी तुम्ही?" निकेशनं विचारलं.

"सारे लावून पाह्यले," गुणवंतराव म्हणाले. "हिंदी लावलं, नागपूरच्या डीजेचं लावलं. दोन दिवस बरं चालते, मंग सवय होऊन जाते. कोणी हलत नाई."

"अन् माह्यं?"

"तुमचा सायरन वाजला का सारी पलटण हलते. पहिल्या राती म्या सोता उभं राहून पाह्यलं. एकबी जागेवर थांबलं नाई."

"लेकरंबी?"

"मायच्या मांगं सारी रांग राह्यते," मागून मुखरू नावाचा म्हातारा म्हणाला. सगळे हसले. निकेशही हसला.

"एकच गाणं रोज. कंटाळा नाई येत?"

"दुसरं वर्ष आहे. अजून सवय नाई झाली," गुणवंतराव म्हणाले. "टाकलं काय हो तुम्ही त्याच्यात?"

मग निकेशनं सांगितलं. सायरन आणि दणका यांच्या मधली चार सेकंदांची शांतता त्यानं तीन आठवडे घासली होती. साडेतीन केली की घाई वाटे, पाच केली की जीव जाई.

"तेच तं," सुगंधाबाई म्हणाल्या. "सायरन थांबते अन् तिथीच काळजात धस्स होते. पुढं काय येते, समजतच नाई."

निकेशनं कप खाली ठेवला. घुग्घुसमध्ये चार वर्षांत ती शांतता कोणाच्या ध्यानात आली नव्हती. एकानं तर तिथं गाणं तुटतंय, दुरुस्त कर, असा सल्ला दिला होता.

पावणेदोन झाले होते. तो उठून मोहाच्या झाडाखाली गेला आणि मामाला फोन लावला.

"मामा, साहेबाले सांग, दुसऱ्याचं नाव टाका म्हणा."

"पागल झाला का बे?"

"ऐकणारे खरे आहेत, मामा. समोर बसून आहेत. अख्खं गाव."

"तुह्या मायले तूच सांगजो," मामा म्हणाला आणि त्यानं फोन कापला.

निकेश परत आला तेव्हा सुगंधाबाई नव्या तांदळाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. औंदा लवकर पिकणारं धान पुरतं घरात आलं होतं, त्यातला पहिला तांदूळ त्याच्यासाठी काढून ठेवला होता. पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली, पण सोडली नाही.

"एक मागणं होतं, भाऊ. दुसरं गाणं बनवून द्यान का?"

"तुम्ही म्हणान तसं, बाई." निकेश म्हणाला. "आता मले दुसरं कामच नाई. कसं पाह्यजे?"

"दिवसा लावाचं पाह्यजे," सुगंधाबाई म्हणाल्या. "रानडुकरं तं तुमच्या गाण्यानं पार पळाले. आता माकडायसाठीबी एक बनवा."