टेबलावरचा बल्ब

वीजनियंत्रण कक्षातल्या संगणकाने शहराचं व्होल्टेज ‘स्थिर’ ठरवलं होतं. पाळीवरच्या तरुण ऑपरेटर मुलीची नजर मात्र टेबलावरच्या जुन्या पिवळ्या बल्बवर खिळली होती. निवृत्त होताना वडिलांनी तो इथे थेट शहराच्या विजेवर लावून ठेवला होता. भर दुपारी तो तांबूस पडू लागला, पण पडद्यावरचा आकडा दहा मिनिटं तसूभरही हलला नव्हता. “साहेब, मीटर अडकलंय. भार वाढून व्होल्टेज घसरतंय. एका वस्तीची वीज तोडू या, नाहीतर अख्खं शहर बंद पडेल.” “बल्ब बघून शहर चालवतेस?” साहेब खेकसले. बल्ब निखारा झाला. तिने मन घट्ट करून आपल्याच वस्तीची कळ दाबली. सुरुवात घरापासून, हा वडिलांचाच शिरस्ता. बल्ब पुन्हा पिवळा झाला. लगेच फोन वाजला. “वीज गेली गं.” “मीच घालवली, बाबा.” “बल्ब?” “निखारा झालेला.” “तांबूस असतानाच घालवायची! साहेबांना विचारत बसली असशील.”